पदवीनंतर किती जण पुढे शिकतात? इंदूरमधली कॉलेजं या हिशोबाने कशी पारखायची

“आमचे ८० टक्के विद्यार्थी उच्च शिक्षणाकडे वळतात” असं वाक्य कॉलेजच्या माहितीपुस्तिकेत दिसलं की पेन्सिल घ्या आणि शेजारी लिहा: कशाच्या ८० टक्के? कोणत्या वर्षी? कुठे वळले? या तिन्ही प्रश्नांची उत्तरं बहुतेक वेळा कॉलेजनेच कुठल्या ना कुठल्या सरकारी फॉर्मात भरून दिलेली असतात. तो फॉर्म कुठे सापडतो, त्यातला कोणता रकाना वाचायचा आणि वाचताना कुठे फसायला होतं, ते इथे क्रमाने सांगतो.

हा खटाटोप प्रत्येकाने करायची गरज नाही. पदवी हातात पडताच नोकरी हवी असेल, सीएची तयारी करायची असेल किंवा घरचा धंदा सांभाळायचा असेल, तर हा आकडा तुमच्या कामाचा नाही. एम.एससी., एम.ए., एम.टेक., पीएच.डी. अशी वाट ज्या घरात आधीच बोलली जाते आहे, त्यांच्यासाठी हा लेख. उदाहरणं इंदूरची घेतली आहेत. उज्जैन, देवास, ग्वाल्हेरच्या मंडळींना प्रक्रिया जशीच्या तशी लागू पडेल. बडोद्यासाठी एक वेगळी सूचना पुढे येते.

आधी हे जमवा

- एनआयआरएफच्या, म्हणजे शिक्षणसंस्थांच्या सरकारी क्रमवारीच्या पीडीएफ, ज्या कॉलेजांचा विचार आहे त्या प्रत्येकाच्या. शक्यतो लागोपाठच्या दोन वर्षांच्या.
- नॅकला, म्हणजे कॉलेजांना दर्जा देणाऱ्या राष्ट्रीय संस्थेला दिलेला स्वयंमूल्यांकन अहवाल, म्हणजे एसएसआर, आणि गेल्या तीन वर्षांचे वार्षिक अहवाल, म्हणजे एक्यूएआर.
- ई-प्रवेश, म्हणजे मध्य प्रदेशच्या ऑनलाइन कॉलेज प्रवेशाच्या पोर्टलवरची गेल्या वर्षीची कटऑफ, फेरीनिहाय.
- एक्सेल किंवा चौकटीची वही. कॉलेजं चार-पाचच असतील तर वही बरी.
- शासकीय किंवा अनुदानित कॉलेज असेल तर माहिती अधिकाराचा अर्ज. हा लागेलच असं नाही, पण लागला तर वेळ घेतो.

एका कॉलेजला साधारण दोन तास धरा. पहिल्याला चार लागतील, कारण वेबसाइटवर कागद कुठे दडवले आहेत ते शोधण्यात निम्मा वेळ जातो.

१. कोणाची तुलना कोणाशी, हे आधी ठरवा

सगळ्यात मोठी चूक इथे होते, आणि ती आकडे उघडण्याआधीच होते. नुसत्या बी.एससी.वर नोकऱ्या कमी मिळतात, म्हणून साधारण विज्ञान कॉलेजातूनही बरीच मुलं एम.एससी.ला जातात. अभियांत्रिकीत उलटं असतं. चांगली नोकरी दारात आली की हुशार मुलगा एम.टेक.ला कशाला थांबेल? त्यामुळे तिथला कमी आकडा हा कॉलेजचा दोष नसतो. कॉमर्सची मुलं सीए-सीएसच्या मार्गाला लागतात, आणि ती कुठल्या रकान्यात मोजली जातील हे फॉर्म भरणाऱ्यावर अवलंबून असतं.

म्हणून १८९१ सालचं होळकर सायन्स कॉलेज, भंवरकुआंजवळचं शासकीय कला-वाणिज्य महाविद्यालय आणि १९५२ पासून चाललेलं एसजीएसआयटीएस हे अभियांत्रिकी कॉलेज ही तीन नावं एकाच तक्त्यात घालून टक्के लावलेत तर तो तक्ता फाडून टाकायच्या लायकीचा. बी.एससी.शी बी.एससी. लावा. जमलं तर फिजिक्सशी फिजिक्स.

विद्यापीठ आणि कॉलेज यांचीही गल्लत होते. देवी अहिल्या विद्यापीठाचा आकडा म्हणजे त्याच्या स्वतःच्या अध्यापन विभागांचा, खंडवा रोडच्या तक्षशिला परिसरातल्या आणि तशा विभागांचा. विद्यापीठाला संलग्न असलेल्या शहरातल्या कॉलेजांचा त्यात हिशोब नसतो. संलग्न कॉलेजच्या जाहिरातीत विद्यापीठाची कामगिरी छापलेली दिसली तर ती बाजूला ठेवा.

बडोद्याच्या वाचकांसाठी सूचना हीच, पण उलट बाजूने. महाराजा सयाजीराव विद्यापीठात सायन्स, आर्ट्स, कॉमर्स, टेक्नॉलॉजी या सगळ्या फॅकल्टी एकाच छत्राखाली आहेत, त्यामुळे विद्यापीठाचा एक आकडा सगळ्यांची सरासरी सांगतो. फॅकल्टीनिहाय आकडा हवा असेल तर डीनच्या ऑफिसात विचारावं लागतं किंवा नॅकच्या यादीतून स्वतः वेगळा काढावा लागतो.

२. एनआयआरएफची पीडीएफ: एकच तक्ता वाचा

केंद्रीय शिक्षण मंत्रालयाची ही क्रमवारी २०१६ पासून निघते. क्रमांकाकडे दुर्लक्ष करा. आपल्याला क्रमांकामागची कच्ची माहिती हवी आहे. क्रमवारीत आलेल्या संस्थांची पीडीएफ एनआयआरएफच्या साइटवर नावाशेजारीच मिळते. कॉलेज यादीत नसेल पण त्याने भाग घेतला असेल, तर तीच पीडीएफ कॉलेजच्या स्वतःच्या वेबसाइटवर असायला हवी. बहुधा पानाच्या तळाशी ‘एनआयआरएफ’ नावाची बारीक लिंक असते.

पीडीएफमध्ये ‘प्लेसमेंट अँड हायर स्टडीज’ असा मथळा शोधा. त्याखाली ‘यूजी ३ वर्षे’, ‘यूजी ४ वर्षे’, ‘पीजी २ वर्षे’ असे वेगवेगळे तक्ते असतात आणि प्रत्येकात तीन वर्षांच्या तीन ओळी असतात. डावीकडून उजवीकडे बोट फिरवत जा: प्रवेशाचं वर्ष, मंजूर जागा, प्रत्यक्ष प्रवेश घेतलेले, मग पदवीचं वर्ष, ठरलेल्या वेळेत पदवी मिळवलेले, नोकरी लागलेले, त्यांचा मध्यक पगार, आणि शेवटी उच्च शिक्षणासाठी निवड झालेले. अभियांत्रिकीच्या तक्त्यात मधे आणखी एक रकाना येतो, डिप्लोमा करून थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांचा. तो प्रवेशाच्या आकड्यात मिळवायचा. विसरलात तर वेळेत पास झालेले प्रवेश घेतलेल्यांपेक्षा जास्त निघतात आणि माणूस चक्रावतो.

दोन गोष्टींची नोंद ठेवा. तक्ता अभ्यासक्रमाच्या लांबीनुसार असतो, विषयानुसार नाही. म्हणजे बी.ए., बी.कॉम., बी.एससी. चालवणाऱ्या कॉलेजात तिन्ही ‘यूजी ३ वर्षे’मध्ये एकत्र कालवलेले असतात. दुसरं, फॉर्ममध्ये शब्द ‘निवड झालेले’ असा आहे. निवड झाली म्हणजे प्रवेश घेतलाच असं नाही.

३. भागाकार स्वतः करा, आणि दोनदा करा

कॉलेज नेहमी वेळेत पास झालेल्यांनी भागतं. त्यात चूक काही नाही, पण अर्धीच गोष्ट कळते. प्रवेश घेतलेल्यांनीही भागून पाहा. समजण्यापुरतं एक काल्पनिक उदाहरण घेऊ.

कॉलेज अ: प्रवेश ४००, वेळेत पदवी २२०, पुढे शिकायला गेले १३२.
कॉलेज ब: प्रवेश १२०, वेळेत पदवी १०२, पुढे शिकायला गेले ५१.

पास झालेल्यांनी भागलं तर अ चे ६० टक्के, ब चे ५०. अ जिंकलं. प्रवेश घेतलेल्यांनी भागलं तर अ चे ३३, ब चे ४२.५. आता ब पुढे. तुमचं लेकरू प्रवेशाच्या रांगेत उभं आहे, पदवीदान समारंभात नाही, तेव्हा त्याच्यासाठी दुसरा भागाकार जास्त खरा. अ मधली १८० मुलं कुठे गेली, नापास झाली, मधेच सोडून गेली की एखाद्या विषयात अडकून बसली, हा त्या कॉलेजला विचारायचा पहिला प्रश्न.

नुसती संख्या पाहून भुलू नका हे वेगळं सांगायला नको, पण यावर अमेरिकेतलं एक उदाहरण बोलकं आहे. तिथे १९५७ पासून दरवर्षी संशोधनातली पीएच.डी. मिळवणाऱ्या प्रत्येकाला विचारतात की बाबा, तू पदवी कुठून घेतलीस. संख्येने पाहिलं तर मोठमोठी विद्यापीठं वर येतात. पदवीधरांच्या प्रमाणात पाहिलं की रीड, स्वार्थमोर, हार्वी मड अशी छोटी कॉलेजं बड्या नावांना मागे टाकतात. तिथे मुलाला विचारून मोजतात. आपल्याकडचा आकडा कॉलेजने स्वतःच भरून दिलेला असतो, म्हणून पुढच्या दोन पायऱ्यांना जास्त वेळ द्या.

लहान विभागाचा एका वर्षाचा टक्का कधीच धरू नका. १५ जणांच्या तुकडीत एक मुलगा इकडचा तिकडे झाला की जवळजवळ ७ टक्क्यांचा फरक पडतो. १५ पैकी ९, मग १४ पैकी ५, मग १६ पैकी ८ अशी तीन वर्षं असतील तर टक्के ६०, ३६, ५० असे उड्या मारतात. तिन्ही वर्षं मिळवा: ४५ पैकी २२, म्हणजे ४९. हा आकडा वहीत लिहा.

२०२० आणि २०२१ च्या तुकड्यांवर फुली मारून ठेवा. त्या दोन वर्षी मध्य प्रदेशात अंतिम वर्षाच्या परीक्षा घरून, पुस्तक समोर ठेवून लिहायच्या ओपन बुक पद्धतीने झाल्या. त्या वर्षांचे पास होण्याचे आकडे बाकीच्या वर्षांच्या ओळीत बसवता येत नाहीत.

४. आकडा बनवलेला आहे का, ते ओळखा

इथे वेळ घालवा. तक्त्याच्या प्रत्येक ओळीत नोकरी लागलेले आणि पुढे शिकणारे यांची बेरीज करा आणि ती वेळेत पास झालेल्यांशी ताडून पाहा.

बेरीज जास्त आली तर एकच मूल दोन रकान्यांत गेलं आहे. कॅम्पसमध्ये ऑफर मिळाली आणि एम.बी.ए.लाही नंबर लागला, असं होतं, पण फॉर्ममध्ये त्याला एकाच जागी बसवायचं असतं.

बेरीज तिन्ही वर्षं तंतोतंत जुळली, म्हणजे २२० पास, ६० नोकरीला आणि बरोब्बर १६० पुढे शिकायला, तर सावध व्हा. खऱ्या तुकडीत काही मुलं एमपीपीएससीच्या, म्हणजे राज्यसेवा परीक्षेच्या अभ्यासाला बसतात, काही घरी असतात, काहींचा फोन लागत नाही. कोणीच उरलं नाही याचा बहुधा अर्थ असा की ज्यांची नोकरी लागली नाही त्या सगळ्यांना कोणीतरी ‘उच्च शिक्षण’ खाली टाकून मोकळं झालं आहे.

तिसरी खूण म्हणजे दरवर्षी तोच टक्का. तुकडी १८० ची असो की २६० ची, दरवर्षी ५५ च टक्के पुढे शिकत असतील, तर तिथे मुलं मोजलेली नाहीत, टक्क्यावरून मुलं काढलेली आहेत.

५. नॅकच्या कागदात नावांची यादी असते, ती काढा

खरा माल इथे आहे. नॅकच्या निकषांत पाचवा निकष विद्यार्थ्यांच्या वाटचालीचा. वार्षिक अहवालात ५.२.२ म्हणजे त्या वर्षी उच्च शिक्षणाला गेलेले, आणि ५.२.३ म्हणजे नेट, गेट, कॅट, जीआरई यांसारख्या परीक्षा उत्तीर्ण झालेले. संलग्न कॉलेजांच्या नव्या नमुन्यातल्या एसएसआरमध्ये नोकरी आणि पुढचं शिक्षण ५.२.१ या एकाच आकड्यात घातलेलं आहे. तसा एकत्र आकडा आला तर तो वापरू नका, त्यामागच्या यादीकडे जा.

कॉलेजच्या वेबसाइटवर ‘आयक्यूएसी’, म्हणजे अंतर्गत गुणवत्ता कक्ष, असा टॅब असतो, त्यात वर्षवार अहवाल असतात. आकड्याशेजारी जोडलेली फाइल उघडा. तिचे रकाने साधारण असे: विद्यार्थ्याचं नाव, कोणता अभ्यासक्रम पूर्ण केला, कोणत्या संस्थेत प्रवेश घेतला, कोणत्या अभ्यासक्रमाला. पुरावा म्हणून काही ठिकाणी प्रवेशपत्रं किंवा ओळखपत्रं स्कॅन करून लावलेली असतात. फाइल उघडतच नसेल, किंवा संस्थेचा रकाना कोरा असेल, तर ते कॉलेज वहीत खाली सरकवा. ज्याला आपली मुलं कुठे गेली ते लिहिता येत नाही, त्याने ती किती गेली हे तरी कसं मोजलं?

त्याच टॅबमध्ये ‘डीव्हीव्ही’ नावाची फाइल दिसली तर ती चुकवू नका. नॅक कॉलेजचे आकडे तपासायला देतं आणि शंका आली की खुलासा मागतं. कॉलेजने आधी काय दावा केला होता आणि पुराव्यानंतर काय उरलं, हे तिथे एकाखाली एक वाचायला मिळतं. ‘ए प्लस’ची पाटी गेटवर असते. ही फाइल मुद्दाम शोधावी लागते.

५.२.३ मधला सापळा वेगळा आहे. त्यात उत्तीर्ण झालेल्यांना परीक्षेला बसलेल्यांनी भागण्याची पद्धत दिसते. चार मुलं बसली, चारही पास झाली: १०० टक्के. टक्के खोडा, नुसती संख्या घ्या.

६. यादीचे चार ढीग करा

आता यादीतल्या प्रत्येक नावापुढे क, ख, ग, घ असं एक अक्षर लिहा.

क म्हणजे राष्ट्रीय प्रवेश परीक्षेतून गेलेले: आयआयटी, बेंगळूरची आयआयएससी, आयसर, एनआयटी, केंद्रीय विद्यापीठं, परदेश. ख म्हणजे दुसऱ्या विद्यापीठाचा किंवा आपल्या विद्यापीठाचा अध्यापन विभाग, जिथे गुणवत्ता यादी किंवा परीक्षा असते. इंदूरच्या मराठी घरांतली बरीच मुलं पीजीला पुण्याकडे बघतात, तीही इथे. ग म्हणजे त्याच कॉलेजात, त्याच जिन्याने वर जाऊन एम.ए. किंवा एम.एससी. आणि घ म्हणजे बी.एड., एलएल.बी., संगणकाची पदविका पीजीडीसीए, स्वाध्यायी म्हणून, म्हणजे वर्गात न बसता घरी अभ्यास करण्यासाठी, भरलेला एम.ए.चा फॉर्म.

घ मधलं शिक्षण कमी प्रतीचं असं मुळीच नाही. एलएल.बी. करून माणूस न्यायाधीश होतो. पण तुमचा प्रश्न “इथून केमिस्ट्रीत एम.एससी. आणि मग संशोधन जमेल का” असा असेल तर एक वर्षाच्या पीजीडीसीएने त्याचं उत्तर मिळत नाही. दोन कॉलेजांचे ५५-५५ टक्के असतात, आणि ढीग केले की एकाचे क-ख मिळून ३० निघतात, दुसऱ्याचे ४.

ग चा ढीग फुगलेला असेल तर थोडं थांबा. चांगल्या स्वायत्त कॉलेजात मुलं आपखुशीने तिथेच राहतात. पण जिथे क आणि ख जवळजवळ रिकामे आणि ग ओसंडतो आहे, तिथे बाहेरचा रस्ताच ठाऊक नसण्याची शक्यता जास्त. मुलींच्या कॉलेजांबाबत हे आवर्जून विचारा. घरून शहराबाहेर पाठवलं नाही म्हणून मुलगी तिथेच राहिली, हा कॉलेजचा दोष नव्हे, आणि त्या आकड्यावरून विभागाला नापास करणं चूक.

७. आत कोण येतं, तेही पाहा

बारावीला ९५ टक्के मिळवलेली मुलं घेऊन त्यातली निम्मी पुढे पाठवली यात कॉलेजचं कर्तृत्व किती? ६५ टक्केवाल्यांतला तिसरा हिस्सा पाठवणारा विभाग जास्त मेहनत घेत असू शकतो. शासकीय आणि खासगी कॉलेजांच्या पारंपरिक अभ्यासक्रमांचे प्रवेश उच्च शिक्षण विभागाच्या ई-प्रवेशमधून होतात. तिथली पहिल्या फेरीची आणि शेवटच्या फेरीची कटऑफ, दोन्ही वहीत लिहा. दोन्हींत ३० टक्क्यांची दरी असेल तर वर्गात दोन वेगवेगळे गट बसलेले आहेत आणि पुढे जाणारे बहुधा वरच्या गटातले. देवी अहिल्या विद्यापीठाच्या विभागांचे प्रवेश सीयूईटी या राष्ट्रीय प्रवेश परीक्षेच्या गुणांवर आणि अभियांत्रिकीचे जेईईवर होतात. ते आकडे या कटऑफच्या रांगेत बसवायचे नाहीत.

तुमच्या मुलाचे गुण कॉलेजच्या कटऑफच्या कोणत्या टोकाला पडतात ते बघा. खालच्या टोकाला असतील तर कॉलेजचा सरासरी टक्का त्याला जसाच्या तसा लागू होत नाही.

८. चौथ्या वर्षाचा घोळ

मध्य प्रदेशात नवं शैक्षणिक धोरण २०२१-२२ च्या प्रवेशांपासून लागू झालं, गुजरातमध्ये २०२३-२४ पासून. आता मूल तीन वर्षांनी पदवी घेऊन बाहेर पडू शकतं किंवा चौथं वर्ष करून ऑनर्स घेऊ शकतं. संशोधनासह ऑनर्स हवं असेल तर यूजीसीच्या आराखड्यानुसार पहिल्या सहा सेमिस्टरला ७५ टक्के लागतात. तीन वर्षांनंतर एम.एससी. दोन वर्षांची, चार वर्षांनंतर एका वर्षाची.

याचा आकड्यांवर परिणाम होतो. चौथ्या वर्षाला थांबलेलं मूल उच्च शिक्षणाला गेलं असं धरायचं की नाही? ते पदवीच्याच अभ्यासक्रमात आहे, म्हणून धरायचं नाही. पण आकडा भरताना कुठे धरलं जाईल, कुठे नाही. त्यामुळे २०२४ आणि त्यानंतरच्या तुकड्यांचे आकडे घेताना कॉलेजला सरळ विचारा: यात चौथ्या वर्षाची मुलं आहेत का? असतील तर वजा करा.

आणखी एक: तुमच्या मुलाच्या विषयात ते कॉलेज चौथं वर्ष खरोखर चालवतं का? त्यासाठी मार्गदर्शक प्राध्यापक आणि प्रयोगशाळा लागते, आणि प्रत्येक विभागाकडे ती असते असं नाही.

९. विभागात जा. ऑफिसात नको

ऑफिसातला बाबू तुम्हाला माहितीपुस्तिका देईल. तुम्ही विभागप्रमुखांना भेटा, शक्यतो दुपारी दोननंतर, जेव्हा प्रॅक्टिकल संपत आलेली असतात. प्रश्न मोजकेच विचारा. गेल्या तीन वर्षांत जॅम, म्हणजे आयआयटीतल्या एम.एससी.ची प्रवेश परीक्षा, किती जणांनी दिली, किती पास झाले आणि कुठे गेले? उन्हाळी प्रकल्पाला किती मुलं जातात? इंदूरच्या विज्ञानाच्या मुलांना इथे एक सोय आहे जी पुष्कळ मोठ्या शहरांना नाही: आरआरकॅट ही अणुऊर्जा विभागाची संशोधन संस्था, आयआयटी आणि खंडवा रोडवरचं यूजीसी-डीएईचं संशोधन केंद्र, तिन्ही शहरात किंवा हाताच्या अंतरावर. विभागातलं कोणी तिथे कधी गेलंच नसेल तर ही सोय तुमच्यासाठी असून नसल्यासारखी. विज्ञान अकादम्यांच्या उन्हाळी फेलोशिपचं नाव विभागप्रमुखांना ठाऊक आहे का, एवढ्यावरूनही बरंच कळतं.

कायम प्राध्यापक किती आणि अतिथी विद्वान, म्हणजे तात्पुरते शिक्षक, किती, हेही विचारा. शासकीय कॉलेजात बदल्या होतात. यादीतली क ढिगातली मुलं ज्या सरांनी घडवली ते सर दोन वर्षांपूर्वी दुसऱ्या जिल्ह्यात गेले असतील, तर तो आकडा त्यांच्याबरोबर गेला असं समजा. पीजीसाठी शिफारसपत्र लागतं तेव्हाही ओळखणारा माणूस जागेवर असावा लागतो.

शिकवण्याची भाषा विचारा. वर्गात हिंदीतून चालत असेल आणि जॅमचा पेपर इंग्रजीत येत असेल, तर तिसऱ्या वर्षी अचानक शब्द बदलतात. जमतं, पण पहिल्या वर्षापासून इंग्रजी पुस्तक शेजारी हवं.

निकाल कधी लागतो हे कोणी विचारत नाही आणि तिथेच जागा हातची जाते. पुढच्या संस्थेत प्रवेश तात्पुरता मिळतो आणि ठरलेल्या तारखेपर्यंत अंतिम सेमिस्टरची गुणपत्रिका द्यावी लागते. दुसऱ्या विद्यापीठात जायचं तर मायग्रेशन प्रमाणपत्रही लागतं. शेवटच्या वर्षाच्या दोन-तीन मुलांना गाठा आणि त्यांच्या आधीच्या तुकडीच्या गुणपत्रिकेवर कोणती तारीख होती ते बघा.

१०. यादी मिळालीच नाही तर

शासकीय आणि शासनाच्या मोठ्या अनुदानावर चालणाऱ्या कॉलेजांना माहितीचा अधिकार कायदा, २००५ लागू आहे. मध्य प्रदेशात अर्जाचं शुल्क १० रुपये, गुजरातमध्ये २०. उत्तराची मुदत ३० दिवस. अर्ज हिंदीत किंवा इंग्रजीत लिहा. मराठी ही मध्य प्रदेशाची राजभाषा नाही, तेव्हा मराठीतला अर्ज परत आला तर रागावून उपयोग नाही.

नावं मागू नका. वैयक्तिक माहिती म्हणून कलम ८ खाली नकार येईल आणि महिना वाया जाईल. असं मागा: “सत्र अमुक ते अमुक, बी.एससी. तृतीय वर्ष उत्तीर्ण विद्यार्थ्यांची विषयनिहाय संख्या, त्यांपैकी उच्च शिक्षणासाठी प्रवेश घेतलेल्यांची संख्या आणि ज्या संस्थांत प्रवेश घेतला त्या संस्थांची नावे, नॅकला सादर केलेल्या माहितीनुसार.” शेवटचे शब्द महत्त्वाचे. कॉलेजकडे जो कागद तयारच आहे तो तुम्ही मागता आहात, नवी माहिती गोळा करायला सांगत नाही. उत्तर नाहीच आलं तर पहिलं अपील.

वेळेचं गणित असं की बारावीचे निकाल एप्रिल-मे महिन्यात आणि प्रवेशाच्या फेऱ्या त्याला लागूनच असतात. अर्ज फेब्रुवारीत, फार तर मार्चच्या सुरुवातीला टाका. मे महिन्यात टाकलेल्या अर्जाचं उत्तर येईल तेव्हा मूल वर्गात बसलेलं असेल.

खासगी विनाअनुदानित कॉलेजाला हा कायदा सहसा लावता येत नाही. तिथे विभागप्रमुख आणि माजी विद्यार्थी हेच दोन रस्ते. कॉलेज यादी दाखवायला नाही म्हणालं तर तेही वहीत लिहा.

११. वहीतला तक्ता आणि चॉइस फिलिंग

प्रत्येक कॉलेजासाठी एक ओळ, सहा रकाने: तीन वर्षांत प्रवेश घेतलेले, तीन वर्षांत वेळेत पदवी, क आणि ख ची बेरीज, ती बेरीज भागिले प्रवेश, पहिली-शेवटची कटऑफ, कायम प्राध्यापक. ग आणि घ शेरा म्हणून बाजूला. चौथ्या रकान्यावरून क्रम लावा. दोन कॉलेजांत तीन-चार टक्क्यांचाच फरक असेल तर ती सारखीच समजा आणि जे घराजवळ असेल ते वर घ्या. सुदामा नगरहून रोज शहराच्या दुसऱ्या टोकाला जाण्यात दोन तास घालवण्याइतका तो फरक मोठा नसतो.

हाच क्रम एमपी ऑनलाइनच्या कियॉस्कवर चॉइस फिलिंगला, म्हणजे कॉलेजांची पसंती भरायला जाताना कागदावर लिहून न्या. कियॉस्कवाला घाईत असतो आणि “हे कॉलेज टाका, चांगलं आहे” असं म्हणत स्वतःच्या मनाने क्रम भरतो. लॉक करण्याआधी स्क्रीन आपल्याकडे वळवून घ्या आणि एकेक नाव वाचा.

जागा मिळाल्यावर, फी भरण्याआधी, विभागात एक फोन करा आणि मेजर-मायनरची, म्हणजे मुख्य आणि दुय्यम विषयाची जोडी पक्की करा. आयआयटीत फिजिक्सच्या एम.एससी.ला पदवीत गणितही ठरावीक सेमिस्टर शिकलेलं असावं लागतं, आणि अशा अटी संस्थेनुसार बदलतात. फिजिक्स मेजर मिळालं पण मायनरला गणिताऐवजी भलताच विषय पडला, तर तीन वर्षांनी चांगला स्कोअर येऊनही अर्ज छाननीत बाद होतो. विषय बदलून देण्याची मुदत प्रवेशानंतर थोडेच दिवस असते. ती तारीख फोनवरच विचारून घ्या.